धुरपताबाईचं हिरवं बटण

रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा लुंबिनी नांदेडला आपल्या खोलीवर बसून प्रकल्पाचा अहवाल लिहीत होती. 'निष्कर्ष' या मथळ्याखालचं पहिलंच वाक्य झालं होतं. 'वापरणाऱ्या पाचही व्यक्तींना हे ॲप अत्यंत सोपे वाटले.' वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं होतं की तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

"लुंबिनी, तुझं ॲप काय म्हणायलंय माहीत हाय का?" पलीकडून महादेवीताईंचा आवाज आला. लातूरला क्लासेसच्या पोरींसाठी त्या वसतिगृह चालवत. "कोठीत तांदळाचे सात कट्टे हायत म्हणायलंय. सात! मी कोठीतच उभी हाय. कट्टा सोड, इथं कट्ट्याची सुतळी सुदिक न्हाई."

"नेटचा प्रॉब्लेम असेल ताई," लुंबिनी म्हणाली. काहीही बिघडलं की इंजिनिअर पहिल्यांदा जे म्हणतात तेच.

"नेटनं खाल्ले का तांदूळ? साठ पोरी पानावर बसल्या अन् नुसतं वरण! एकीनं ताटाचा फोटो बापाला पाठवला. त्यानं किनवटहून फोन करून मला इचारलं, मॅडम, भात बंद केला का म्हून. काय सांगू मी त्याला? ॲपमदी हाय म्हणू?"

लुंबिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघ बाई. धुरपताबाई तुझी आत्या. नऊ वर्षं माझ्याकडं हायत, हाताला चव हाय, सगळं कबूल. पण आता जमाना मोबाईलचा हाय. एक तारखेपासून मी दुसरी बाई बघून ठेवलीय. बारावी झालीय, मोबाईल येतो. तरी तुझ्याकडं बघून सांगते, बुधवारी मी स्वयंपाकघरात येते. तुझ्या आत्यानं माझ्यासमोर हे चालवून दाखवलं तर राहतील. न्हाई तर मला इलाज न्हाई."

फोन बंद झाला. लुंबिनीनं संगणकावरच्या त्या देखण्या वाक्याकडे पाहिलं आणि तिला स्वतःचाच राग आला. मग लगेच, जरा सोयीचा म्हणून, आत्याचा आला.

राग यावा असंच होतं. ॲपमध्ये होतं काय? तांदूळ, डाळ, पीठ, तेल, मीठ, साबण वगैरेंची मोठी मोठी चित्रं. चित्रावर बोट ठेवलं की दोनच बटणं. हिरवं 'वाढले', लाल 'संपले'. दुकानातून माल आला की हिरवं, डबा रिकामा झाला की लाल. लाल दाबलं की चंद्रप्पा किराणावाल्याच्या फोनवर आपोआप निरोप जाणार, मग हिरवं दाबलं की ती मागणी मिटणार. तिसरं बटणच नव्हतं. चुकायला जागाच ठेवली नव्हती, असं लुंबिनीचं मत. आणि तरी आत्यानं तांदळाचे सात कट्टे हवेत उगवून दाखवले होते.

त्यात ही सगळी हौस लुंबिनीचीच. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला विशेष विषय निवडायची वेळ आली तेव्हा अख्ख्या वर्गानं एआयवर उडी घातली. माणूस यंत्राशी कसा वागतो, कुठं अडतो, कुठं चिडतो, आणि मग यंत्र कसं घडवावं, असा एक ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन नावाचा विषयही यादीच्या तळाशी होता. तो पाच जणांनी घेतला. त्यातल्या चौघांना दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून. मनापासून घेणारी एकटी लुंबिनी. तिचे वडील साहेबराव अहमदपूरच्या एसटी डेपोत. ते मित्रांना 'एचसीआय' सांगत आणि मित्र 'एलआयसी' ऐकत. पोरगी इंजिनिअर होऊन विमा विकणार, हे गावभर झालं. शेवटी साहेबरावांनी खुलासा करणं सोडून दिलं. फक्त लुंबिनीला एकदा विचारलं, "म्हणजे मानसाशी कसं बोलावं ते कॉम्प्युटरला शिकवायचं?"

"हो बाबा, तसंच समजा."

"अन् तुला कोन शिकवायलंय?"

हा टोमणा होता की साधा प्रश्न, ते तिला अजून कळलं नव्हतं.

आता मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. धुरपताबाई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची. नवरा जाऊन अठरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. काम गेलं की खोली जाणार, आणि खोली गेली की अहमदपूर. भावाच्या घरात, भावजयीच्या चुलीशी. भावजय म्हणजे लुंबिनीची आई. लुंबिनीला आई ठाऊक होती आणि आत्याही ठाऊक होती. एका घरात दोन पोळपाट नांदत नाहीत, एवढं कळायला कुठलाच विशेष विषय घ्यावा लागत नाही.

सोमवारी सकाळची गाडी धरून ती निघाली. लोहा गेलं, अहमदपूर आलं, बसस्टँडवर चहा घ्यायलाही ती उतरली नाही. घरचं कुणी दिसलं तर सगळं सांगावं लागलं असतं. चाकूर मागं पडेपर्यंत मनातल्या मनात तिनं शिकवणी तयार केली. मुद्दे चार, वेळ वीस मिनिटं.

"आलीस? आधी जेव," धुरपताबाई म्हणाली. परातीत पीठ मळणं चालूच.

"आधी बटण."

"बटण कुठं पळून चाललंय? भाकर गरम हाय."

"आत्या, तुझी नोकरी पळून चाललीय! सांगितलं न्हाई का ताईंनी?"

"सांगितलं की." तिनं भाकरी थापायला घेतली. तिच्या हाताखाली गोळा फिरत फिरत पसरत गेला. "म्हणून काय पोरींनी उपाशी ऱ्हायचं?"

लुंबिनी जेवली. भरपूर जेवली, त्याचाही तिला रागच आला. मग हात धुऊन तिनं आत्यापुढं फोन धरला.

"हे काय हाय?"

"तांदूळ."

"दाब. आता बघ, हे लाल. काय लिहिलंय?"

धुरपताबाई चौथी शिकलेली. अक्षर लावून वाचायची. "सं... प..." आणि तिथं थांबून तिनं मान वळवली, जणू फोनला घाण वास येत होता.

"संपले. डब्यात तांदूळ उरले न्हाईत की हे लाल दाबायचं. दाब."

धुरपताबाईनं लुंबिनीकडे पाहिलं, मग फोनकडे, मग कोठीच्या दाराकडे. आणि झुरळ चिरडावं तसं करंगळीनं झटकन बटण दाबलं.

"बघ! जमलं की! किती सोपं हाय." लुंबिनीनं दहा वेळा करून घेतलं. डाळ, पीठ, तेल, मीठ. दहाही वेळा बरोबर. 'वीस मिनिटांत शिकता येते' असं अहवालात लिहायला हरकत नव्हती.

ती अंगणात येऊन नळावर तोंड धूत होती तेवढ्यात तिचाच फोन वाजला. चंद्रप्पा.

"काय चाललंय ताई तुमचं?" चंद्रप्पा म्हणजे मूळचा उदगीरकडचा, रागावला तरी आवाज गोड. "तुमचं मशीन म्हणतंय तांदूळ पाठव. पोरगा कट्टा गाडीवर चढवतोय तोवर म्हणतंय नको, आला. डाळ पाठव. नको, आली. मीठ पाठव, नको! दुकानात बसलोय का झोपाळ्यावर? नवरा-बायकोचं भांडण बरं, त्यात निदान एकजण गप बसतो!"

लुंबिनीनं नोंदी उघडल्या. तांदूळ: संपले, एक वाजून दहा मिनिटं. तांदूळ: वाढले, एक वाजून चौदा. डाळ: संपले. डाळ: वाढले. एकूण एक. ती पाठमोरी झाल्या झाल्या आत्यानं शांतपणे एकेक गोष्ट उलटी करून ठेवली होती.

"आत्या!" ती तशीच ओल्या तोंडानं आत धावली. "हिरवं कामून दाबलंस परत?"

"बरोबर करून ठेवलं."

"काय बरोबर? आत्ता दहा वेळा शिकवलं ना!"

"तू म्हणलीस म्हणून दाबले की ते लाल. तुझं मन कामून मोडू? मंग बरोबर करून ठेवलं." आणि चुलीवरच्या भगुन्यावर झाकण ठेवत वर म्हणते कशी, "तू शिकलेली हायस, पर जरा चुकायलीस बघ कुठंतरी."

लुंबिनी ओरडली नाही, एवढंच. बाहेर जाऊन पायरीवर बसली आणि नांदेडला आपल्या शिल्पा मॅडमना फोन लावला. शिल्पा मॅडमही हा विषय पहिल्यांदाच शिकवत होत्या. पोरांच्या एक धडा पुढं राहून.

"मॅडम, माझी आत्या मुद्दाम करतेय."

"पाच जणांनी 'सोपे वाटले' वर हो म्हटलंय ना?" मॅडमच्या मागं कुकरची शिट्टी झाली. "मग एकीचं काय एवढं? 'वयस्कर व्यक्तींना प्रशिक्षणाची गरज आहे' असं लिही आणि गुरुवारी जमा कर. सगळे तेच लिहितात."

"लिहिलं असतं मॅडम. पण तिची नोकरी जाईल."

तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. "काहीच जमत नाही का तिला? एकूण एक चूक?"

लुंबिनीनं महिनाभराच्या नोंदी वर-खाली सरकवल्या. तांदूळ उलटे. डाळ उलटी. पीठ, मीठ, तेल, साखर उलटं. आणि साबण? साबण बरोबर. फिनाईल बरोबर. घासणी, काडेपेटी, झाडू, सगळं बरोबर. तिनं पुन्हा पाहिलं. झाडू मोडला त्या दिवशी आत्यानं लाल बटण दाबलं होतं, आणि नवा आला तेव्हा हिरवं.

"मॅडम, साबणात ती चुकत नाही."

"म्हणजे?"

"जे पोटात जात नाही त्यात ती एकदाही चुकलेली नाही."

"मग तिला बटण कळतंय," शिल्पा मॅडम हळूच म्हणाल्या. "लुंबिनी, तू तिथं काय करतेस? शिकवतेस की बघतेस?"

"शिकवते."

"बघ. उद्या दिवसभर बस आणि बघ. आणि तोंड उघडू नकोस. तुमच्या वर्गातल्या पाचही जणांना ते एक जमलेलं नाही, तुला तर मुळीच नाही."

मंगळवारी लुंबिनी तेलाच्या रिकाम्या डब्यावर वही घेऊन बसली. तोंड बंद ठेवणं किती कठीण असतं ते अर्ध्या तासात कळलं. आत्या डाळ धुते, ती बघते. आत्या फोडणी घालते, ती बघते. आत्या हैराण झाली.

"बोलंनास कामून? भैनी, कुणी काय म्हणलं का तुला?"

लुंबिनीनं मान हलवली.

"जुलाब व्हायलेत का?"

पुन्हा मान.

"मंग आसं लग्न मोडल्यावानी कामून बसलीस?"

दुपारी दीडला क्लासमधून पोरींचा लोंढा आला. आदल्या दिवशी महादेवीताईंनी स्वतः फोन करून तांदूळ मागवले होते, त्यामुळे भात होता. धुरपताबाई वाढायला उभी राहिली आणि लुंबिनीनं तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. कुठल्या पोरीला वरण वेगळ्या वाटीत लागतं, कुणाला करपलेला तुकडा आवडतो, कुणाची काल परीक्षा झाली, सगळं त्या हाताला माहीत. साठ ताटं झाली. शेवटी सुकन्या नावाची बारकी पोरगी धापा टाकत आली. किनवटची. बिनभाताच्या ताटाचा फोटो हिनंच पाठवला होता. तिनं ताट पुढं केलं.

"मावशी, भात?"

भगुन्यात चार शितं होती.

"वाढला गं बाई," धुरपताबाई म्हणाली. "बस जरा, दुसरा टाकलाय, हे बघ आलाच."

"हाव," म्हणून सुकन्या बसली. तिला काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या पोरींनाही नाही. लुंबिनीलाही वाटलं नसतं. लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती. दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, दुकान वाढवतो. आजी बांगडी फुटली म्हणायची नाही, बांगडी वाढली म्हणायची. घरातलं मीठ, पीठ, हळद कधी संपलं नव्हतं. नेहमी वाढलं होतं. हे सगळं ती नांदेडला जाऊन चार वर्षांत, एकही परीक्षा न देता, विसरली होती.

ती डब्यावरून उठली तेव्हा वही खाली पडली.

"आत्या, काय म्हणलीस तिला?"

"काय म्हणले? भात वाढला म्हणले. उलशीक थांब म्हणले."

"आणि ॲपमध्ये हिरव्या बटणावर काय लिहिलंय?"

"तेच की," धुरपताबाई म्हणाली. "तांदूळ वाढले. म्हणून तर दाबायले महिनाभर. तू बी इतकं बरोबर लिहिलंस, मला लई भारी वाटलं. म्हणलं, पोरगी शिकली तरी आपलं बोलणं इसरली न्हाई. अन् ते लाल!" तिनं आवाज खाली आणला. "ते कामून ठेवलंस गं? भरल्या कोठीत उभं राहून तांदळाला आसं म्हणायचं? साबणाला म्हण, झाडूला म्हण. तांदळाला?"

लुंबिनी परत डब्यावर बसली. हिरवं बटण दाबलं की फोनवर 'धन्यवाद' यायचं, बरोबरची खूण यायची, मंजूळ आवाज व्हायचा. महिनाभर फोन आत्याला शाबासकी देत होता. आणि आत्या महिनाभर वाट पाहत होती की एवढं रीतसर सांगूनही चंद्रप्पा माल कसा पाठवत नाही, आणि शेवटी दर वेळी जुन्या रीतीनं रिकामा डबा दाराबाहेर ठेवत होती; रविवारी मात्र दुकानाचा पोरगा फिरकलाच नव्हता.

"मग तू मला आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलंस?"

"विचारलं होतं! फॉर्म भरून घेतला होता. सोपं वाटलं का, हो की न्हाई. तू हो म्हणलीस."

"लेकरू नांदेडहून एवढं गाडीत बसून आलं, त्याला न्हाई म्हणू?"

लुंबिनीनं कपाळाला हात लावला. पाचही 'हो' कसे आले असतील ते एकदम समोर दिसलं. प्रत्येक घरी तिला चहा मिळाला होता. दोन घरी पोहे.

"पण आत्या, ही अंधश्रद्धा झाली," ती म्हणाली, कारण चूक पूर्ण कबूल करणं इतक्या लवकर कुणालाच जमत नाही. "आपल्यात हे असलं कधीपासून? आज्यानं दीक्षा घेतली, देव्हारा उचलून नदीत सोडला, आणि तू तांदळाला घाबरतेस?"

धुरपताबाईनं नव्या भाताचं झाकण काढलं, वाफ जाऊ दिली. सुकन्याच्या ताटात दोन डाव वाढले. मग पदरानं हात पुसत बोलली.

"तुझ्या आज्यानं देव सोडले. लेकरं सोडली व्हती का? आमी सहा जन. माय भगुनं खरडायची अन् म्हणायची, वाढला आता, उद्या अजून. माय एकडाव तरी 'संपला' म्हणली आसती ना, तर आमी दुसऱ्या दिवशी मागितलं नसतं. लेकराला एकदा संपलं आसं कळलं की ते मागायचंच बंद करतं. मंग त्याला भूक लागली तरी तुला कळत न्हाई." तिनं सुकन्याकडे हनुवटी केली. "ही पोरगी पयल्या महिन्यात मागतच नव्हती. आता उशिरा येती अन् ताट पुढं करती. ह्यात देव कुठं आला?"

लुंबिनीनं खाली पडलेली वही उचलली. वहीत लिहायचं होतं, पण अक्षरं नीट दिसेनात. तिनं फोडणीच्या धुरावर ढकललं. फोडणी दोन तासांपूर्वी झाली होती.

बुधवारी सकाळी अकराला महादेवीताई आल्या. पायात बूट, हातात दोन फोन.

"हां, दाखवा धुरपताबाई. मला साडेअकराला बँकेत जायचंय."

धुरपताबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर घट्ट खोचला होता आणि लुंबिनीकडे न बघता भाताच्या भगुन्याकडे बघत होती. नऊ वर्षांत ती त्या स्वयंपाकघरात इतकी परकी दिसली नव्हती. रात्री लुंबिनीनं तिला सांगितलं होतं, उद्या तू काहीच करायचं न्हाईस. त्यामुळे ती अजूनच घाबरली होती.

"ताई, एक मिनिट," लुंबिनी म्हणाली. "आज तुमच्या घरी काय आणायचंय किराणातलं?"

"माझ्या घरी? ते कशाला मधीच?"

"सांगा तर."

"मीठ. सकाळीच सून म्हणली, मीठ वाढलंय, येताना..." बोलता बोलताच त्या दुसऱ्या फोनवर काहीतरी वाचत होत्या.

"मग ह्यात कळवा ना चंद्रप्पाला. हे मिठाचं चित्र."

"आण इकडं. परीक्षा माझी का त्यांची?" महादेवीताईंनी फोन घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. मिठावर बोट ठेवलं. लुंबिनीनं ओठ दाताखाली धरले. जन्मात पहिल्यांदा ती इतकी गप्प राहिली असेल. महादेवीताईंनी, ज्यांना दोन फोन चालवता येत होते आणि ज्या बी.ए. होत्या, अंगठ्यानं ठसठशीत हिरवं बटण दाबलं.

फोन मंजूळ वाजला. 'मीठ: शिल्लक बारा पुडे. धन्यवाद.'

"बारा?" महादेवीताई म्हणाल्या. त्यांनी परत दाबलं. 'तेरा पुडे. धन्यवाद.' "अगं यव्वा, हे काय? मी म्हणायले वाढलंय..." आणि त्या तिथंच थांबल्या. बटणावरचा शब्द वाचला. लाल बटणावरचा वाचला. धुरपताबाईकडे पाहिलं.

भाताला रटरट उकळी येत होती.

"चूक झाली जरा," महादेवीताई शेवटी म्हणाल्या. "घाईत व्हती मी."

"माणूस हाय, व्हायचंच," धुरपताबाई म्हणाली, अगदी समजुतीच्या सुरात. "तुमाला कोन काढणार हाय ताई?"

महादेवीताईंचा चेहरा एकदम लाल झाला. मग त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं, ते दाबलं गेलं नाही. "धुरपताबाई, लई बोलायला लागलात."

"नऊ वर्षं गपच व्हते की."

"ताई, चूक माझी आहे," लुंबिनी मधे पडली. "ना आत्याची, ना तुमची. शब्द मी निवडले. कुणाला न विचारता."

"ते कळलं मला. बी.ए. हाय मी." त्यांनी फोन लुंबिनीच्या हातात ठेवला. "त्या दुसऱ्या बाईला नको म्हणून कळवते. धुरपताबाई, तुम्ही ऱ्हावा. अन् तू हे तुझं लफडं काढून टाक बाई माझ्या स्वयंपाकघरातून. डबा रिकामा झाला की दाराबाहेर ठेवायचा, चंद्रप्पाचा पोरगा भरून आणायचा, काय वाईट चाललं व्हतं?"

लुंबिनीनं मान खाली घातली. बरोबरच होतं. गुरुवारी मॅडमसमोर दाखवायला आता ॲपही नव्हतं आणि पाच 'हो'सुद्धा नव्हते. पण आत्याची खोली राहिली होती. तिनं ॲप काढून टाकायला बोट नेलं.

"काढायचं कामून?" धुरपताबाई म्हणाली.

दोघी तिच्याकडे वळल्या.

"महिनाभर डोकं खाल्लं माझं. आता कुठं चित्रं वळखायला लागले. काढून न्यायलीस व्हय? दुरुस्त कर की!" ती भिंतीपासून सुटली आणि कमरेवर हात ठेवून ओट्यापाशी आली. आता ती पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात उभी होती. "लालच्या जागी लिही 'आणा'. आणा म्हणायला कुणाला काय वाटतंय? चंद्रप्पाला बी कळंल."

"आणि माल आला की? 'आलं' लिहू?"

"अन् आल्याचं चित्र बी हाय की त्यात! आलं आलं म्हणू का? चंद्रप्पा गाडीभर आलं पाठवंल." महादेवीताई आता उघड हसल्या. बँकेत त्यांना उशीर झाला होता आणि त्या गेल्या नाहीत. "'पोचलं' लिही," धुरपताबाई म्हणाली. "हां. अन् हे तांदूळ पयले कामून ठेवलेस? पयलं मीठ ठेव. मीठ नसलं तर काहीच व्हत न्हाई. लिही, लिहून घे, नुसती बघू नको. काल लई बघितलंस."

लुंबिनीनं वही उघडली.

"अन् आवाज बंद कर त्याचा. पोरी अभ्यास करीत असत्यात वर. अन् डाळ म्हणजे कोनती? तूर, मूग, मसूर सगळ्याला एकच चित्र काढलंस, मला कसं कळावं? अन् पीठ. पिठाचं तर तुला काहीच माहीत न्हाई. ज्वारीचं पीठ आठवड्याला दळायचं आसतंय, कडू व्हतं, ते काय कट्ट्यानं मागवतात का? मंग त्याला दिवस लागतो. गिरणी मंगळवारी बंद..."

"आत्या, माझी दीडची गाडी आहे नांदेडची."

"जाईल की. इचारलंस ना? मंग ऐक."

पहिलं पान भरलं, दुसरं भरलं. मधे पोरी जेवून गेल्या, सुकन्यानं दोनदा भात मागितला, महादेवीताई केव्हातरी उठून गेल्या. दीडची गाडी गेली. तीनची गेली. लुंबिनीच्या बोटाला रग लागली होती, आणि धुरपताबाई अजून फक्त पिठावर होती.